लापा : खेचरांच्या वाटेवरील एक नगर

ब्राझीलच्या दक्षिण भागातील पराना राज्याची राजधानी कुरितीबा. तिच्या नैर्ऋत्येस सुमारे साठ-सत्तर किलोमीटरांवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर लापा हे जुने नगर वसले आहे. २०२२ च्या जनगणनेनुसार नगर व त्याच्या कक्षेतील खेडी मिळून तेथील लोकसंख्या सुमारे ४५ हजार भरते. विस्ताराने व वस्तीने मध्यम असे हे गाव ब्राझीलच्या शालेय इतिहासात मात्र मोठे स्थान पावले आहे, आणि त्याचे कारण एकच सांगितले जाते : १८९४ साली सव्वीस दिवस चाललेला लापाचा वेढा. या वेढ्याने ब्राझीलचे प्रजासत्ताक वाचले, असे विधान गेली शंभराहून अधिक वर्षे स्मारकांवर, भाषणांतून व पाठ्यपुस्तकांतून केले जात आहे. हे विधान कितपत टिकते याचा विचार करावयाचा झाल्यास त्या सव्वीस दिवसांच्या मागे दीडशे वर्षे जावे लागते. कारण लापा लढवावे असे कोणाला का वाटले, याचे उत्तर तटबंदीत नसून रस्त्यात आहे. आणि हा रस्ता खेचरांनी निर्माण केला होता.

सतराव्या शतकाच्या अखेरीस मिनास जेराइस प्रांतात सोने सापडले. डोंगराळ प्रदेशातील या खाणींना अन्न, कापड, लोखंड, मीठ असे सर्व काही बाहेरून पुरवावे लागे, आणि तेथून सोने बंदरावर न्यावे लागे. चाकाची गाडी त्या वाटांवर निरुपयोगी होती. पाठीवर सुमारे १२० किलो ओझे घेऊन चढ-उतार तुडविणारे खेचर हाच त्यावर एक उपाय होता. परंतु खेचर हा वांझ प्राणी. त्याची पैदास त्याच्यापासून होत नाही, आणि खाणींच्या मुलखात घोड्यांची व गाढवांची विपुल खिल्लारेही नव्हती. ती होती दूर दक्षिणेस, आजच्या रियू ग्रांदे दू सूलच्या व ला प्लाता नदीच्या खोऱ्यातील गवताळ मैदानांवर. मागणी एका टोकाला व पुरवठा दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये दीड-दोन हजार किलोमीटरांचे अंतर, अशी ही स्थिती होती. १७२८ मध्ये फ्रान्सिस्कु द सोझा इ फारिया याने किनाऱ्यावरील आरारांग्वापासून पठारावर चढणारी वाट पाडण्यास आरंभ केला. त्यानंतर थोड्याच वर्षांत क्रिस्तोव्हांव पेरेरा द आब्रेउ याने ती सुधारून तिच्यावरून जनावरांचा मोठा कळप कुरितीबाकडे व पुढे उत्तरेकडे नेला. पुढे दक्षिणेतील व्हियामांवपासून व्हाकारिया, लाजेस, रियू नेग्रू, लापा, काम्पूस जेराइसची कुरणे, इतारारे असा थेट साऊं पावलूजवळील सोरोकाबाच्या बाजारापर्यंत पोहोचणारा राजमार्ग रूढ झाला. व्हियामांवचा मार्ग या नावाने तो इतिहासात ओळखला जातो.

या मार्गावरून जनावरे नेणाऱ्यांस त्रोपेरू म्हणत. 'तांडा' या शब्दाने मराठी वाचकाच्या मनात जे चित्र उभे राहते ते येथे पूर्णतः लागू पडत नाही. आपल्याकडील तांडा माल वाहून नेई. दक्षिणेकडून येणाऱ्या त्रोपेरूंच्या कळपात मात्र बहुतांश खेचरे बिनओझ्याची, किंबहुना माणसाळविलेलीही नसत. येथे जनावर हाच माल होता. कळपाच्या पुढे गळ्यात घंटा बांधलेली एक घोडी चाले. तिला 'मद्रिन्या', म्हणजे धर्ममाता म्हणत, आणि त्या घंटेच्या नादामागून शेकडो खेचरे मुकाट्याने जात. नद्यांच्या उतारांवर सरकारी नाके असत. तेथे डोकी मोजून जकात घेतली जाई; हा नाका प्रथम इग्वासू नदीवर होता व पुढे रियू नेग्रूवर आला. लांबच्या प्रवासाने व जंगलातील उपासमारीने रोडावलेली जनावरे सोरोकाबाच्या बाजारात तशीच उभी केली तर त्यांना भाव येत नसे. म्हणून लाजेस व रियू नेग्रू यांमधील घनदाट अरण्य ओलांडल्यावर पहिली मोकळी कुरणे लागत, तेथे त्यांना महिनोन्महिने चरत ठेवीत. या चराईच्या मुक्कामाला 'इन्व्हेर्नादा' म्हणत. कुरणांचे मालक त्यासाठी भाडे घेत. चतुर मालक स्वतःच जनावरे विकत घेऊन, पोसून, पुढे नफ्याने विकत. लापाचे नशीब या अर्थव्यवहारात दडलेले आहे. अरण्य संपते आणि गवत सुरू होते, नेमक्या त्या सीमेवर हे गाव आहे.

'लापा' या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ खडकाखालची कपार अथवा गुहा. गावाच्या शेजारच्या डोंगरकड्यात अशा कपारी आहेत व त्यांपैकी एकीचा उल्लेख पुढे करावयाचा आहे. वस्तीचा आरंभ पडावाच्या जागेतून झाला; १७६९ हे तिच्या स्थापनेचे वर्ष परंपरेने मानले जाते. ग्रामदैवत संत आंतोनियु. त्याचे दगडी चर्च १७८४ मध्ये पूर्ण झाले व ते आजही चौकाच्या माथ्यावर उभे आहे. दर्शनी भाग साधा, अलंकरण बेताचे. मिनासच्या सोनेरी चर्चांपुढे ते अगदीच ओबडधोबड वाटेल. पण ज्या मुलखात पैसा चार पायांवर चालत येई आणि तसाच निघून जाई, तेथे यापेक्षा अधिक अपेक्षा करणे योग्य नव्हे. १८०६ मध्ये गावास 'व्हिला'चा, म्हणजे स्वतःची नगरसभा असलेल्या कसब्याचा दर्जा मिळाला. राजपुत्र-प्रतिनिधी जुआंव याच्या सन्मानार्थ त्याचे नाव व्हिला नोव्हा दू प्रिंसिपे असे ठेवण्यात आले. पोर्तुगीज साम्राज्यात अशा प्रत्येक गावी 'कामारा', म्हणजे नगरसभा असे आणि बहुधा तिच्याच इमारतीच्या तळमजल्यावर तुरुंग असे. सोळाव्या शतकात लिस्बनच्या नमुन्यावर गोव्यात स्थापन झालेली नगरसभा आणि ब्राझीलच्या पठारावरील ही कामारा ही एकाच संस्थेची दोन दूरस्थ रूपे होत. लापा येथील कामारा व तुरुंग यांची एकोणिसाव्या शतकातील इमारत शिल्लक असून तीत आता शस्त्रसंग्रहालय आहे. १८७२ मध्ये गावास नगराचा दर्जा मिळाला, राजपुत्राचे नाव गळून पडले व जुने 'लापा' हेच नाव कायम झाले.

त्रोपेरूंच्या स्थानिक गौरवकथांमध्ये एक गोष्ट सहसा दुय्यम ठरते : हा रस्ता निर्मनुष्य प्रदेशातून गेलेला नव्हता. रियू नेग्रू व लाजेस यांमधील अरण्य शोक्लेंग लोकांचे होते आणि पश्चिमेकडील पठार काइंगांग लोकांचे. वसाहतकारांनी त्यांना 'बुग्रे' हे तुच्छतादर्शक नाव दिले. तांड्यांवर होणारे त्यांचे हल्ले हे अधिकाऱ्यांच्या पत्रव्यवहारातील नित्याचे गाऱ्हाणे होते. ५ नोव्हेंबर १८०८ रोजी, म्हणजे पोर्तुगीज दरबार नेपोलियनच्या भीतीने ब्राझीलला आल्यास वर्षही झाले नव्हते तेव्हा, राजपुत्र जुआंवने एक राजपत्र काढून कुरितीबा व ग्वारापुआवा येथील कुरणांच्या प्रदेशातील मूळ रहिवाशांविरुद्ध युद्ध पुकारले. पकडलेल्यांना ठराविक वर्षे सक्तीने राबविण्याची मुभाही त्यात होती. १८२० नंतरच्या दशकात जुआंव दा सिल्व्हा माशादु, जो पुढे आंतोनिनाचा बॅरन झाला, याच्या देखरेखीखाली अरण्यातील रस्ता रुंद करण्यात आला व १८२९ मध्ये रियू नेग्रू येथे जर्मन कुटुंबे आणून वसविण्यात आली. रस्त्याचे रक्षण हाही या वसाहतीचा एक उघड हेतू होता.

श्रमाची दुसरी बाजू गुलामगिरीची. दक्षिण ब्राझील म्हणजे युरोपीय स्थलांतरितांचा प्रदेश, अशी समजूत ब्राझीलमध्येही इतकी दृढ आहे की, पराना प्रांतातील गुराखी, स्वयंपाकी, सुतार व खेचरांचे हाके यांत आफ्रिकी गुलामांचा वाटा किती होता हे फार उशिरा मान्य झाले. लापा येथे या वास्तवाचा पुरावा कागदांप्रमाणेच एका नाट्यातही टिकला आहे. संत बेनेदितु हा कृष्णवर्णीयांचा संत. त्याच्या उत्सवात 'कोंगादा' नावाचा नृत्यनाट्याचा प्रयोग होतो. कोंगोचा राजा संताचा उत्सव साजरा करीत असता राणी जिंगाचा वकील सैन्यासह येतो. त्याच्या हेतूविषयी संशय निर्माण होतो, लढाई जुंपते, वकील पकडला जातो व शेवटी समेट होऊन सर्वजण मिळून संताची आराधना करतात, असे त्याचे कथानक आहे. जिंगा ही काल्पनिक व्यक्ती नाही. आजच्या अंगोलातील न्दोंगो व मातांबा यांची ती सतराव्या शतकातील राणी. पोर्तुगीजांशी तिने दीर्घकाळ झुंज दिली व १६६३ मध्ये ती निवर्तली. तिचे नाव दोनशे वर्षांनंतर दक्षिण अटलांटिकच्या पलीकडील एका थंड पठारावर, मालकांच्या भाषेत, मालकांच्याच धर्माच्या उत्सवात उच्चारले जावे, ही घटना कोणत्याही राजपत्राइतकीच इतिहासाचे साधन म्हणून मोलाची आहे. पराना विद्यापीठातील मानवशास्त्राचे प्राध्यापक जोझे लोरेरू फेर्नांदेस यांनी १९५० नंतरच्या दशकात या प्रयोगाचा अभ्यास केला व व्लादिमिर कोझाक यांनी त्याचे चित्रीकरण केले. नगराच्या कक्षेतील फेशु, रेस्तिंगा व व्हिला एस्पेरान्सा या वस्त्यांना गुलामांच्या वंशजांच्या, म्हणजे 'किलोंबोला' वस्त्या म्हणून शासनाने एकविसाव्या शतकात मान्यता दिली.

१८५३ मध्ये पराना हा प्रांत साऊं पावलूपासून वेगळा झाला. तो काळ लापाच्या भरभराटीचा होता. खेचरांच्या जोडीस येर्बा मातेचा, म्हणजे दक्षिण अमेरिकेतील चहासदृश पेयाच्या पानांचा व्यापार आला होता. या वैभवाचे प्रतिनिधी म्हणजे दाविद दूस सांतूस पाशेकु. खेचरांच्या व्यापारात जन्म घालविलेल्या या गृहस्थास पुढे 'काम्पूस जेराइसचा बॅरन' ही पदवी मिळाली. चौकातील साऊं जुआंव नाट्यगृह १८७६ चे. बाहेरून ते एखाद्या मोठ्या घरासारखे दिसते; आत लाकडी सज्जे व त्यांतील खासे कप्पे लंबवर्तुळाकार मांडलेले आहेत. काही हजार वस्तीच्या या गावास इटालियन धर्तीचे नाट्यगृह हवेसे वाटावे, यात तेथील श्रीमंत वर्गाच्या आकांक्षेचे माप मिळते. १८८० मध्ये सम्राट पेद्रो दुसरा याने पराना प्रांताचा दौरा केला तेव्हा लापालाही भेट दिली.

त्याच सुमारास, १८७७-७८ मध्ये, व्होल्गा नदीकाठचे जर्मन शेतकरी येथे आले. यांचे पूर्वज अठराव्या शतकात सम्राज्ञी कॅथरीनच्या निमंत्रणावरून रशियात गेले होते. १८७४ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेतून मिळालेली सूट रशियन सरकारने काढून घेतल्यावर त्यांपैकी पुष्कळांनी देश सोडला. लापाजवळ त्यांच्या मारिएंताल, योहानिसदोर्फ इत्यादी वसाहती वसल्या. परंतु गव्हाची सवय असलेल्या या शेतकऱ्यांना काम्पूस जेराइसची निकृष्ट माती मानवली नाही. बरेच जण अर्जेंटिनास निघून गेले. जे राहिले त्यांतील अनेकांनी शेती बाजूस सारून घोड्यांच्या चौचाकी गाड्या घातल्या व मातेची पोती कुरितीबाकडे वाहण्याचा धंदा धरला. गवताळ पठारावर गाडी चालू शकते, हे दीडशे वर्षे खेचरांवर विसंबलेल्या मुलखास अशा रीतीने शेतीत अपयश आलेल्या परक्यांनी दाखवून दिले.

रस्त्याने जनावरांबरोबर साधूही आणला. जिओव्हान्नी मारिया दे आगोस्तिनी हा १८०१ मध्ये इटलीतील पिएमाँत येथे जन्मलेला एकांतवासी यती १८४० नंतरच्या दशकात ब्राझीलमध्ये आला. १८४४ मध्ये सोरोकाबा येथे परकीय म्हणून त्याची नोंद झालेली आढळते. तेथून त्रोपेरूंच्या मार्गानेच तो दक्षिणेकडे फिरला. लापाच्या कड्यातील कपारीत त्याने काही काळ मुक्काम केला. क्रूस रोवणे, पाण्याचे झरे दाखविणे, वनस्पतींची औषधे देणे, पश्चात्तापाचा उपदेश करणे एवढाच त्याचा क्रम होता. पण रियू ग्रांदे दू सूलमधील सांता मारियाजवळ हजारो लोक त्याच्या झऱ्याकडे लोटू लागताच प्रांताध्यक्षाला त्यात बंडाची बीजे दिसली व त्याला तेथून हलविण्यात आले. पुढे तो ब्राझील सोडून गेला. ब्राझीलमधील भाविकांना त्याचे पुढे काय झाले ते कळले नाही. अलीकडील संशोधनाने मात्र त्याची वाट स्पष्ट झाली आहे. दक्षिण अमेरिकेतील अनेक देश, क्यूबा व मेक्सिको असा प्रवास करीत तो उत्तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पोहोचला आणि १८६९ मध्ये न्यू मेक्सिकोतील डोंगरातील एका गुहेजवळ त्याचा खून झाला.

लापाच्या परिसरातील लोकांच्या दृष्टीने मात्र 'साधू जुआंव मारिया' मेलाच नाही. १८९० नंतरच्या दशकात त्याच नावाचा दुसरा साधू प्रकट झाला व १९०८ च्या सुमारास दिसेनासा झाला. त्यानंतर जोझे मारिया नावाचा तिसरा आला. रेल्वे-कंपनीला रुळांच्या दोन्ही अंगांस पंधरा किलोमीटरपर्यंतच्या जमिनी बहाल झाल्यामुळे बेघर झालेले शेतकरी त्याच्याभोवती गोळा झाले. २२ ऑक्टोबर १९१२ रोजी इरानी येथील चकमकीत जोझे मारिया व पराना पोलीस दलाचा सेनानी जुआंव ग्वालबेर्तु हे दोघेही पडले. पराना व सांता कातारीना या राज्यांमधील वादग्रस्त मुलखात पेटलेले हे 'कोंतेस्तादु'चे युद्ध १९१६ पर्यंत चालले. लोकस्मृतीने तीन साधूंचा एकच साधू केला. लापाची कपार आजही यात्रेचे स्थान आहे. बरे झालेले भाविक तेथे कुबड्या, छायाचित्रे व नवसाच्या वस्तू ठेवून जातात.

आता वेढ्याकडे वळता येईल. १८८९ मध्ये ब्राझीलमध्ये राजसत्ता जाऊन प्रजासत्ताक आले. रियू ग्रांदे दू सूलमध्ये जुलियु द कास्तिल्युस याने १८९१ च्या राज्यघटनेद्वारे जवळजवळ सर्व सत्ता राज्याध्यक्षाच्या हाती एकवटली. त्याविरुद्ध गास्पार सिल्व्हेरा मार्तिंस याच्या नेतृत्वाखालील फेडरलिस्ट पक्षाने १८९३ मध्ये शस्त्र उचलले. सरकारपक्षाच्या सैनिकांना 'पिका-पाऊ', म्हणजे सुतारपक्षी, व बंडखोरांना 'मारागातु' अशी टोपणनावे पडली. युद्ध क्रूर होते. पकडलेल्यांचे गळे चिरण्याचा प्रघात दोन्ही पक्षांनी पाळला व मृतांचा आकडा सुमारे दहा हजार धरला जातो. सप्टेंबर १८९३ मध्ये नौसेनाधिपती कुस्तोदियु द मेलु याने रियू द जानेरू येथे आरमाराचे बंड उभारले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष फ्लोरियानु पेशोतु याच्यापुढे दुहेरी संकट उभे राहिले. बंडखोर आरमार समुद्रमार्गे आणि गुमेर्सिंदु साराइवाची घोडदळे भूमार्गे पराना प्रांतात एकत्र येणार होती, आणि तेथून साऊं पावलूची वाट मोकळी होती.

ही वाट लापाहून जात होती. जुना खेचरमार्ग तर होताच, पण त्याच सुमारास कुरितीबाकडून आलेली लोहमार्गाची शाखाही लापाला पोहोचली होती. तेथे कर्नल आंतोनियु एर्नेस्तु गोमेस कार्नेरू हा सेनानी ठाण मांडून बसला. मिनास जेराइसमधील सेरू येथे १८४६ मध्ये जन्मलेला हा मनुष्य पाराग्वे युद्धाचा अनुभवी योद्धा होता. त्याच्या चरित्रातील एक प्रकरण वेढ्याच्या कथेत सहसा येत नाही. त्याने मातु ग्रोसुच्या अरण्यात तारायंत्राच्या तारा टाकण्याच्या कामाचे नेतृत्व केले होते आणि बोरोरो लोकांवर शस्त्र चालवू नये असा दंडक घातला होता. त्याचा तरुण साहाय्यक कांदिदु रोंदोन याने पुढे १९१० मध्ये आदिवासी-संरक्षणाचे सरकारी खाते उभारले. खेचरमार्गावरील 'बुग्रें'विरुद्धचे राजपत्र आठवले म्हणजे या दंडकाचे महत्त्व अधिकच जाणवते.

१७ जानेवारी १८९४ रोजी वेढा पडला. आतील लढवय्यांची संख्या ६३९ सांगितली जाते. त्यांत नियमित सैनिकांप्रमाणेच गावकरी स्वयंसेवकही होते. बाहेरील बळ सुमारे तीन हजारांचे होते. गावास तट नव्हता. घरे, कुंपणे व रस्ते हाच तट. त्याच आठवड्यात बाहेरचे जग कोसळले : पारानाग्वा बंदर पडले, राज्याचे सरकार कुरितीबा सोडून कास्त्रू येथे गेले, आणि २० जानेवारीस बंडखोर कुरितीबात शिरले. लापा चहूकडून तुटले. मदत येण्याची आशा उरली नसताना पुढील तीन आठवडे गाव लढले. अन्न व दारूगोळा संपत आला. नाट्यगृहाच्या लाकडी सज्ज्यांखाली जखमींच्या खाटा मांडल्या गेल्या. ७ फेब्रुवारीस कार्नेरूला गोळी लागली व ९ फेब्रुवारीस तो मरण पावला. सरकारने त्याला जनरलच्या पदावर चढविले होते, पण ती वार्ता वेढ्याच्या आत पोहोचलीच नाही. ११ फेब्रुवारी रोजी स्थानिक पुढारी कर्नल जोआकिम लासेर्दा याने शरणागतीच्या तहावर सही केली.

प्रजासत्ताक लापाने वाचविले काय? सव्वीस दिवस बंडखोरांचे मोठे बळ एका गावाभोवती अडकून पडले, पाठीशी शत्रूची शिबंदी ठेवून पुढे जाणे त्यांना धोक्याचे वाटले, व तेवढ्या अवधीत इतारारेच्या सीमेवर सरकारी फौज जमविता आली, येथवर हे विधान निर्विवाद आहे. परंतु फ्लोरियानुने परदेशातून विकत घेतलेल्या जहाजांचा ताफा व रियूच्या उपसागरातील बंडाचा १३ मार्च १८९४ रोजी झालेला शेवट यांचे श्रेय लापाला देता येणार नाही. आरमारी पुढारी व गाऊशू सेनानी यांमधील बेबनावही विसरता कामा नये : एकाला मध्यवर्ती सत्ता हवी होती, दुसऱ्याला आपल्या राज्यातील शत्रूचा पाडाव. एप्रिल-मेमध्ये बंडखोर पराना सोडून माघारी गेले व १० ऑगस्ट १८९४ रोजी गुमेर्सिंदु कारोवी येथे मारला गेला. लापाने वेळ मिळवून दिला. त्या वेळेचा उपयोग इतरांनी केला, असे म्हणणे साधनांशी अधिक सुसंगत ठरेल.

या प्रश्नाला दुसरीही एक बाजू आहे, आणि ती कुरितीबात सापडते. सरकारने वाऱ्यावर सोडलेल्या त्या शहरात मातेचा मोठा व्यापारी इल्देफोन्सु पेरेरा कोर्रेया, सेरू आझुलचा बॅरन, याने व्यापाऱ्यांची एक समिती स्थापून बंडखोरांस युद्धकर्ज गोळा करून दिले व त्याच्या मोबदल्यात शहर लुटीपासून वाचविले. सरकारी सैन्य परत आल्यावर त्याला अटक झाली. २० मे १८९४ च्या रात्री पारानाग्वाकडे जाणाऱ्या आगगाडीतून उतरवून, लोहमार्गाच्या ६५ व्या किलोमीटरजवळ, पाच साथीदारांसह त्याला चौकशीविना गोळ्या घालण्यात आल्या. लापाचा नाश पत्करणारे वीर ठरले, कुरितीबाचा नाश टाळणारा द्रोही ठरला. कित्येक दशके परानाच्या सार्वजनिक जीवनात बॅरनचे नाव दबल्या आवाजात घेतले जाई. २००८ मध्ये त्याचे नाव राष्ट्रवीरांच्या अधिकृत ग्रंथात समाविष्ट करण्यात आले. लापाच्या स्मृतीचे इतिहासलेखन मुख्यतः विजयी पक्षाने केले, त्यात दाविद कार्नेरूसारख्या प्रत्यक्षार्थवादी विचाराच्या अभ्यासकांचा परिश्रम मोठा आहे. पण त्या पक्षाने सेरू आझुलविषयी पाळलेले मौन ध्यानात घेतल्याशिवाय लापाविषयीचा त्याचा उत्साह नीट कळत नाही. १९४४ मध्ये, वेढ्याच्या पन्नासाव्या वर्षी, लापा येथे वीरांचे समाधिमंदिर उभारले गेले. त्या वेळी देशात जेतुलियु व्हार्गासची हुकूमशाही होती, आणि केंद्रसत्तेसाठी प्राण देणारे गाव हे तिला सोयीचे प्रतीक होते.

वेढ्यानंतर लापाचे महत्त्व ओसरले, याचे कारण पुन्हा रस्ताच. सोरोकाबाचा शेवटचा मोठा बाजार १८९७ मध्ये भरला. आगगाडीपुढे खेचराचा टिकाव लागला नाही. साऊं पावलू व रियू ग्रांदे यांना जोडणारा नवा लोहमार्ग १९१० मध्ये पूर्ण झाला, पण तो पश्चिमेकडून, पोंता ग्रोसा व उनियांव दा व्हितोरिया या गावांवरून गेला. १९३० च्या ऑक्टोबरात व्हार्गासच्या फौजा पुन्हा एकदा दक्षिणेतून राजधानीवर चालून गेल्या तेव्हा त्यांचा तळ पोंता ग्रोसाला पडला. लापाला वेढा घालण्याचे कोणास कारणच उरले नव्हते. स्वच्छ थंड हवेमुळे १९२७ मध्ये येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघाले. ज्या गावी जनावरे विश्रांतीला थांबत तेथे आता माणसे थांबू लागली. दुर्लक्षाचा एक लाभ मात्र झाला. कौलारू छपरांची, जाड मातीच्या भिंतींची बुटकी घरे पाडून नवी बांधण्याइतका पैसा कोणाजवळ नव्हता, आणि म्हणून ती राहिली. १९९८ मध्ये ब्राझीलच्या राष्ट्रीय वारसा-संस्थेने जुन्या नगराच्या चौदा वाड्यांस संरक्षण दिले. भरडलेला मका व डुकराचे मांस यांची 'किरेरा' हा त्रोपेरूंचा साधा शिधा आता लापाचा खास पदार्थ म्हणून उपाहारगृहांतून वाढला जातो.

नगराबाहेर काम्पूस जेराइसच्या बॅरनची एक विस्तीर्ण जहागीर होती. तिच्यावरील त्याचा वाडा अद्याप उभा आहे. १९९९ मध्ये भूमिहीनांच्या चळवळीतील कुटुंबांनी ती जमीन व्यापली. पुढे शंभराहून अधिक कुटुंबांची रीतसर वसाहत तेथे झाली. वसाहतीस त्यांनी नाव दिले 'कोंतेस्तादु'. २००५ पासून तेथे लॅटिन अमेरिकेतील निरनिराळ्या देशांच्या विद्यार्थ्यांना रसायनविरहित शेतीचे शिक्षण देणारी शाळा चालविली जात आहे.